वर्षाचा चहा

दारूची बाटली सापडली ती बंद घड्याळांच्या खोक्यामागे, अर्धी रिकामी. लेकीने ती उचलून वडिलांच्या पुढ्यात टेबलावर ठेवली.

बाबा घड्याळजी होते. घड्याळ बिघडलं तर फेकून न देता दुरुस्त करून घ्यायचे ते दिवस, आणि घरातली पुढची खोली हेच त्यांचं दुकान. डोळ्याला भिंग लावून ते एका बायकी घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवत होते. आतल्या खोलीत आईचं शिलाईमशीन चालू होतं, ते थांबलं.

"माझीच आहे," बाबा म्हणाले.

स्प्रिंग जागेवर बसली. मशीन पुन्हा सुरू झालं.

लेकीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तरीच आई अशी वाळली होती. तरीच शिवण उसवून पुन्हा घालण्यात तिचे दिवस जात होते आणि जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे वळत होती. नवऱ्याने असे दिवे लावल्यावर बाईचं चित्त थाऱ्यावर राहणार कसं? सासरी गेल्यावर आपल्याला हे दिसलं कसं नाही, याचाच तिला राग आला, आणि तो सगळा बाबांवर निघाला. शेवटी तिने नेमकं दुखेल तिथे बोट ठेवलं.

"हे सुटेपर्यंत चिमणी या घरात येणार नाही."

चिमणी म्हणजे तिची चार वर्षांची मुलगी. आजोबांच्या कडेवर बसून भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाला किल्ली द्यायची, हे तिचं ठरलेलं काम. बाबांनी भिंग काढलं. आतल्या दाराकडे एकदा पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "पण एकट्याने नाही जमायचं. कुणी मदत करणारं असेल तर शोध."

शोधायला निघाल्यावर कळलं की हे असं विचारायचं म्हणजे जीभच रेटत नाही. दवाखान्यातल्या बाईने भलत्याच इमारतीचा पत्ता दिला. तिथे दार उघडलं तर दहाबारा म्हातारे बुद्धिबळ खेळत होते आणि मध्येच आली म्हणून तिच्यावरच डाफरले. अखेर औषधांच्या दुकानदाराने हळूच सांगितलं, वाचनालयाच्या मागचा जिना उतरून जा.

खाली एक निवृत्त बसड्रायव्हर दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीसाठी खुर्च्या मांडत होता. दारूपायी स्वतःची नोकरी घालवून तो सावरला होता. त्यानेच रीत समजावली. पिणारे मधल्या गोलात बसतात, घरचे भिंतीलगतच्या बाकावर. इथलं बोलणं जिना चढून वर जात नाही. आणि ज्याचं कोरडं वर्ष पूर्ण होतं, त्याने सगळ्यांसाठी चहा करायचा आणि आपल्या हाताने ओतायचा.

"एका थेंबाने काय होतं म्हणणारी ही माणसं," तो म्हणाला. "त्यांनी किटली भरून न सांडता ओतली, की आम्हाला पदक मिळाल्यासारखं वाटतं."

पहिल्या दिवशी ती दोघांना घेऊन जिन्यापर्यंत गेली. बाबा तिथेच थांबले. "तू आत येऊ नकोस. तेवढी लाज राहू दे," म्हणाले. मग आईचा दंड धरून एकेक पायरी उतरले. या वयातही आईचाच आधार लागतो, असं मनात येऊन लेकीचे डोळे भरले.

पुढे दर रविवारी ती माहेरी येई ती जणू फौजदार होऊन. दारातच बाबांना तोंड उघडायला लावी. बाबा आ करून म्हणत, "दातही बघून घे, नाहीतर तेही विकून प्यायलो म्हणशील." तिला हसू येई, पण ती ते दाखवत नसे. आई स्वयंपाकघराच्या दाराशी लवंग चघळत उभी असायची. तिची दाढ फार दिवसांपासून दुखत होती. डोळेही अधू झालेत म्हणायची. सुईत दोरा बाबाच ओवून द्यायचे.

भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं. लेकीने एकदा किल्ली द्यायला हात वर केला, तर बाबांनी अडवलं. "ज्याचं काम त्यानेच येऊन करावं."

ड्रायव्हरला ती मधूनमधून विचारी. तो एवढंच सांगे, "दोघं येतात. न चुकता."

वर्ष भरलं त्या संध्याकाळी आईनेच तिला बोलावलं, चिमणीला घेऊन ये म्हणाली. जिन्याच्या तोंडाशी आईने तिला जवळ घेतलं. लवंगेचा वास नव्हता. दाढ बरी झाली वाटतं, लेकीला वाटलं.

खाली गोल भरला होता. ती चिमणीला घेऊन बाकावर बसली. वर्षभर बाबांना जे जे बोलली, ते सगळं तिला आठवत होतं. ड्रायव्हरने वाफाळती किटली आणून मध्ये ठेवली आणि सगळे टाळ्या वाजवू लागले. तेवढ्यात बाबा आले ते तिच्या शेजारीच टेकले आणि त्यांनी चिमणीला मांडीवर घेतलं.

"बाबा, उठा ना," ती कुजबुजली. "चहा तुम्ही ओतायचाय."

"मी कशाला?" बाबा समोर बघत म्हणाले. "मी घरचा माणूस."

गोलातली एक खुर्ची मागे सरकली, आणि आईने किटली उचलली.