घरच्यांची विक्री

दुपारी रेवती खांबेटेचा शेअर अचानक निम्म्यावर आला. जिल्ह्याच्या शेअर बाजारात आता कंपन्यांचे नव्हे, माणसांचे शेअर चालत, आणि भाव असा कोसळलेला माणूस दुसरा दिवस पाहत नसे. बाजाराच्या कचेरीत जेवता जेवता रेवतीने स्वतःचाच आकडा पाहिला.

“मला काय धाड भरलीय?” ती शिपाई साळुंखेंना म्हणाली.

घरच्या कुणी शेअर विकले, तर त्याचं नाव फळ्यावर लिहायचं असा नियम होता, आणि लिहायचं काम रेवतीचंच. साळुंखेंनी विक्रीची चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली.

“बाजार उघडताच सगळे विकले, मॅडम.”

नाव तिच्या नवऱ्याचं होतं. लग्नानंतर आज पहिल्यांदाच डबा त्याने भरून दिला होता.

त्यातली भरली वांगी निम्मी संपली होती.