तिसरा गिअर

घरोघरी जाऊन बाळंतपणं करणाऱ्या नर्सबाईंची जुनी जीप तिसऱ्या गिअरला अडायची. परवा चढावर गिअर ऐन वेळी पडेना आणि जीप मागे घरंगळली. मागच्या सीटवर दिवस भरलेली एक बाई होती.

"मिस्त्री, आता काय ते एकदाचं शोधून काढा," म्हणत नर्सबाईंनी सकाळीच जीप गॅरेजात आणून लावली.

मिस्त्रीचा या कामात हात बसलेला. त्याने क्लचची केबल ताणली, गिअरबॉक्सचं ऑइल बदललं, झिजलेले बुश काढून नवे घातले. बाकीचे गिअर लोण्यासारखे पडू लागले. तिसरा मात्र ढिम्म.

दुपारी त्याने गिअरबॉक्सच खाली उतरवला आणि टेबलावर उघडून पाहिला. एकूण एक दाता शाबूत होता. झाकण बसवून, गिअरबॉक्स टेबलावरच ठेवून, हात पुसत तो जीपमध्ये जाऊन बसला. सवयीने त्याने गिअरचा दांडा तिसऱ्याकडे ढकलला.

दांडा अडला.

मिस्त्रीने वाकून पाहिलं. दांडा गिअरबॉक्सला जोडणारे खालचे रॉड त्याने स्वतःच काढून ठेवले होते. दांड्याला काहीही जोडलेलं नव्हतं. तो नुसता लुळा हलायला हवा होता. पण पलीकडून कुणीतरी तळहाताने रेटून धरावं, तसा तो हाताला जाणवत होता.

मिस्त्रीने दातओठ खाऊन जोर लावला. दांडा सरकला.

मागे टेबलावर, गिअरबॉक्समध्ये, खट् असा आवाज झाला.

"पडला वाटतं!" दारातून नर्सबाई हसून म्हणाल्या.

मिस्त्रीला दांड्यावरचा हात काढता येईना.