पोकळ हाताची थाप

निरवांगीतल्या आपल्या घराच्या पडवीत गोजरबाई नातीच्या पाठीवर थापा मारत होती. दोन वर्षांची स्वराली तिच्या मांडीवर पालथी, डोकं खाली, छातीत घरघर. हात पोकळ धरायचा आणि कफ सुटेपर्यंत थांबायचं नाही, असं बारामतीच्या डॉक्टरांनी शिकवलेलं.

कळंबहून बिरदेव आला. गोजरबाईचा धाकटा भाऊ, आणि या पोरीच्या आईचा बाप. अंगात इस्त्रीचा सदरा, मुठीत सुपारी.

"आक्का, आज सुपारी फोडून टाकू. थोरली तुझी सून झाली, आता धाकटीबी धाकट्याला करून घे. दोघी भणी एका घरात नांदतील."

थोरलीच्या वेळी गोजरबाई स्वतः त्याच्या दारात जाऊन बसली होती. भावाची लेक मागायचा बहिणीचा मान तिने हट्टाने वसूल केला होता. ते आठवून तिचा हात थबकला. पोरीचा श्वास अडकला तशी ती पुन्हा घाईने थापा मारू लागली.

"बिरदा, ही सुपारी न्हाय फोडायची."

"का? माझ्या पोरीत काय कमी हाय?"

कसं सांगावं तिला कळेना. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं होतं. श्वासनळीत बारीक केस असतात, सगळे मिळून एकाच दिशेला हलतात आणि कफ वर लोटतात. कुठल्या दिशेला तोंड करायचं, हे तिथल्या पेशींना जनुकं सांगतात. स्वरालीची ती जनुकंच बिघडलेली. केस आहेत, हलतातही, पण जो तो आपल्या मनाने. जन्म मेंढरांमागे गेलेल्या गोजरबाईला ते चटकन कळलं होतं. कळप फुटला की मेंढरं चालतात खूप, पोचत कुठंच नाहीत.

"हिचं दुखणं दोन्हीकडनं आलंय," ती म्हणाली. "निम्मं माझ्या ल्योकाकडनं, निम्मं तुझ्या लेकीकडनं. म्हंजी तुझ्या-माझ्याच घरातनं. घरातल्या घरात पुन्हा लगीन केलं तर पुन्हा असलंच लेकरू हुईल, अशी भीती हाय."

"समद्या पाव्हण्यात सांगून बसलोय मी. सख्ख्या आत्यानं नाकारलेली पोरगी दुसरं कोण करंल, आक्का?"

त्याचंही खोटं नव्हतं. त्याची ती धाकटीही तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. गोजरबाईला जीव नकोसा झाला. तिने स्वरालीला उचललं आणि भावाच्या मांडीवर पालथं घातलं.

"माझं हात गेलं रं. जरा तू मार. थांबलास की तिचा दम कोंडतो."

"मला न्हाय येत."

पोरीची घरघर वाढली. बिरदेवने घाबरून मुठीनेच थाप मारली. पोर कळवळली.

"मूठ न्हाय," गोजरबाई म्हणाली. "हात पोकळ लागतो."

सुपारी कुठं द्यावी म्हणून त्याने बहिणीकडे पाहिलं. तिने हात पुढे केला नाही, पदरही नाही. पोरीचे ओठ निळे पडायला लागले होते.

त्याने मूठ उघडली.