अंबाड्याचे दोन आकडे

तिसऱ्यांदा अंबाडा सुटला आणि दोन दातांचा लाकडी आकडा टणकन फरशीवर पडला. तासाभरात भाचीच्या साखरपुड्याला निघायचं होतं आणि कुंदाताईंचे केस अजून पाठीवर मोकळेच होते.

"आण बाई ती कात्री! इतके दाट केस सांभाळायचे तरी कसे?" त्या वैतागून लेकीला म्हणाल्या.

ऋचा आरशातून आईकडे बघत राहिली. तेव्हा कुठे कुंदाताईंना आपण काय बोलून गेलो ते कळलं. तीन वर्षांपूर्वी, कॅन्सरच्या उपचारांत, याच आरशासमोर बसून त्यांनी केस गळून उघड्या पडलेल्या डोक्याला रुमाल बांधला होता. त्यांना एकदम हसू फुटलं आणि मग ऋचालाही आवरेना.

"आता नीट बघ," डोळे पुसत ऋचा म्हणाली. "पीळ सैल सोडू नकोस. अंबाड्याच्या कडेचे थोडे केस आकड्यात पकड, आकडा उलटा फिरव आणि डोक्याला घासत आत सार. तुझ्या केसांना एक पुरायचा नाही, दुसरा आडवा लाव."

कुंदाताईंनी आपल्या हातांनी दोन्ही आकडे लावले. मान हलवून पाहिली, खाली वाकूनही पाहिलं. अंबाडा जागचा हलला नाही.

कार्यालयात एका चुलत जाऊबाईंनी जवळ येऊन हळूच विचारलं, "काय गं, गंगावन लावलंस का?"

"ओढून बघा ना!" म्हणत कुंदाताईंनी ऐटीत त्यांच्याकडे पाठ केली.