माह्यावर गुन्हाच नाही

अमेरिकेत पकडलेला पोरगा ऋत्विक सुटला, म्हणून कडूबांनी देऊळघाटभर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मात्र, ते पेढे म्हशीला वगार झाली त्याचे होते, असं ते गावाला पटवत फिरत होते.

झालं असं, की फोनवर पोरगा म्हणाला होता, "आबा, माह्यावर गुन्हाच नाही." कडूबांनी पुढचं ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन आला, तेव्हा कळलं, पोरगा अजून आतच आहे.

"व्हिसा संपला म्हणून नुसतं कोंडून ठेवलं, आबा. गुन्हा असता तर सरकारनं फुकट वकील देल्ला असता. शिक्षा असती तर सुटायची तारीख भेटली असती."

"अन् चोराले?"

"चोराले दोन्ही भेटते."

कडूबा तडक बुलढाण्याला कचेरीबाहेरच्या अर्जवाल्याकडे गेले आणि अमेरिकेच्या सरकारच्या नावानं अर्ज लिहवून घेतला:

"माझा मुलगा ऋत्विक याने सहावीत असताना शेजारच्या वावरातून टरबूज चोरले, हे मी स्वतः पाहिले आहे. सबब त्याच्यावर चोरीचा गुन्हा तातडीने दाखल करून त्यास एक वकील व शक्य तितकी शिक्षा मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती."