कार्यालय काय म्हणतं

“लूर्दे, तुझं मत नको मला. कार्यालय काय म्हणतं तेवढं सांग.”

सूसैनाथन तांडेलाचा आवाज वायरलेसमधून खरखरत आला. लूर्दम्माळने बटण दाबलं.

“सांगते, अण्णा. आधी तुमचं सांगा. लाट कुठून येतेय?”

“झाली हिची चौकशी सुरू.”

“वहीत लिहावं लागतं.”

“आग्नेयेकडून. लांब लांब लाटा आहेत, वारा अजिबात नाही. जाळं मात्र भरतंय, तीन दिवसांत पहिल्यांदा. लिही तेही.”

तिने लिहिलं. मग आणखी चार बोटींना तेच विचारलं. गावच्या एकोणीस बोटी किनाऱ्यापासून चाळीस मैलांवर होत्या. तिथे मोबाईल चालत नसे. चर्चच्या मागच्या खोलीतला हा सेट आणि लूर्दम्माळचा आवाज, एवढाच त्यांचा गावाशी संबंध.

तीन वर्षांपूर्वी फादर अमलदासांनी वर्गणी काढून सेट बसवला, तेव्हा रोज हवामान सांगायचं काम घ्यायला कुणी तयार नव्हतं. बाप्यांना समुद्र होता, पोरींना कॉलेज. लूर्दम्माळने मासळीची टोपली वहिनीकडे दिली आणि किल्ली मागून घेतली. तेव्हापासून दिवसातून दोनदा ती बोटींना अंदाज सांगत होती. तो चुकल्याचं फारसं कुणाला आठवत नव्हतं. शेजारच्या गावचे लोक म्हणत, “आमच्या अंदाजापेक्षा तुमचा बरा येतो. तुमच्या फादरांची ओळख दिसते वरपर्यंत.”

वहीतल्या पाच ओळी तिने पुन्हा वाचल्या. भंगारवाल्याकडून आणलेलं हवेचा दाब दाखवणारं पितळी यंत्र भिंतीवर होतं. पहाटेपासून त्याचा काटा बराच खाली आला होता. तिने उठून दार लावून घेतलं. दहा मिनिटांनी ती सेटसमोर येऊन बसली आणि अंदाज सांगतानाच्या तिच्या त्या संथ, सपाट आवाजात बोलू लागली.

“सर्व बोटींसाठी. हवामान कार्यालयाचा तातडीचा इशारा. आग्नेयेकडून वादळ येत आहे. संध्याकाळपासून वारा ताशी सत्तर किलोमीटर, लाटा पाच मीटरपर्यंत. सर्व बोटींनी ताबडतोब किनाऱ्याला यावं.”



“ट्रान्झिस्टरवर तर समुद्र शांत म्हणाले,” सूसैनाथन म्हणाला.

“ते सकाळचं. हे आत्ताचं.”

“कार्यालयाचंच ना? का तुझ्या डोक्यातून निघालंय?”

“कागद हातात आहे माझ्या, अण्णा. परत वाचू?”

“नको.” त्याने कुणाला तरी शिवी हासडली. “सरकारच म्हणतंय तर काय करणार. ओढा रे जाळी. मागच्यांना सांगा, फिरा म्हणावं.”

लूर्दम्माळने बटण सोडलं. 

नऊ वर्षांपूर्वीही ती सूसैनाथनला असंच म्हणाली होती. तेव्हा सेट नव्हता, ती वाळूत उभी होती. लाट उलटीकडून येतेय, आज जाऊ नका, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. चौदा वर्षांची होईपर्यंत बापाबरोबर ओंडक्यांच्या तराफ्यावर समुद्रात गेलेली बाई ती. सूसैनाथन हसला होता. “मासे विकायला ये, पकडायला शिकवू नकोस,” असं म्हणून त्याने बोट ढकलली होती. त्या बोटीवर तिचा धाकटा भाऊ ज्ञानप्रकासम होता. बोट परत आली, भाऊ आला नाही.

दुपारी तीनपर्यंत सगळ्या बोटी धक्क्याच्या आत आल्या. आकाश निळंशार होतं. पुरुष उतरले ते चिडलेलेच.

“अक्का, तुझ्या कार्यालयाला चष्मा लावायला सांग,” एकजण म्हणाला.

“डिझेल पण त्यांच्याकडूनच घेऊन ये,” दुसरा म्हणाला.

सूसैनाथन तिच्याकडे एकदा बघून निघून गेला. लूर्दम्माळने एकोणीस बोटी मोजल्या, मग परत मोजल्या, आणि सगळ्यांना डबल दोरखंड बांधायला लावले.

साडेपाचला वारा आला. आधी माडांचे शेंडे वाकले, मग शाळेचे पत्रे उडाले. समुद्र धक्क्यावरून उड्या मारत रस्त्यावर आला. सकाळी तो ओसरला तेव्हा दोन बोटी फुटल्या होत्या, अकरा घरांवर छप्पर नव्हतं. पण बोटींवरच्या एकशे तेहतीस माणसांपैकी एकही कमी नव्हता. बायका चर्चच्या पायऱ्यांवर बसून रडत होत्या, आणि रडता रडता हसत होत्या.

तिसऱ्या रविवारी चर्चच्या अंगणात मांडव घातला. हवामान कार्यालयातून नुकतेच बदलून आलेले साहेब मुद्दाम बोलावले होते. लूर्दम्माळला त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली. ती पदर आवळून बसली होती. मुलींनी जाईचा गजरा हातात दिला तेव्हा टाळ्या थांबेनात.

मग सूसैनाथनने माईक घेतला.

“मी खरं बोलतो,” तो म्हणाला. “लूर्दम्माळ स्वतःच्या मनाने म्हणाली असती, तर मी फिरलो नसतो. बाईचं ऐकून मी जाळं ओढत नाही. पण ती कार्यालयाचा शब्द अन् शब्द प्रामाणिकपणे सांगते, म्हणून आज आम्ही सगळे इथे आहोत. खरा मान साहेबांचा.”

त्याने आपल्या गळ्यातला हार काढून साहेबांच्या गळ्यात घातला. लूर्दम्माळ मांडीवरच्या गजऱ्याकडे बघत होती.

साहेब उठले. हार सारखा केला, फादरांकडे पाहिलं, जरा घुटमळले.

“हा मान मला घेता येणार नाही,” ते म्हणाले. “खरं तर मी माफी मागायला आलोय. तुमच्या गावाचा अर्ज गेली तीन वर्षं आमच्याकडे पडून होता. तो आता मंजूर झालाय. येत्या सोमवारपासून आमचा अंदाज तुमच्या गावालाही मिळायला लागेल.”