तिरका शिक्का

"धनी जागे आहेत ना?" पडद्यासमोर बसत साकाकिदा मोंदोंनी विचारलं. जपानचा कारभार पाहणाऱ्या शोगुनच्या दरबारातून ते अधिकारी म्हणून आले होते.

"जागे आहेत साहेब. पण तापाने बोलवत नाही," इसोबे म्हणाला. तो कुरोसे संस्थानाचा कारभारी. साठ वर्षांच्या आयुष्यात इतकं मोठं खोटं तो प्रथमच बोलत होता.

पडद्याआडचे एकोणीस वर्षांचे धनी काल सकाळीच गेले होते. मूलबाळ नव्हतं. वारस न नेमता धनी गेला की संस्थान खालसा, असा कायदा होता. म्हणजे चाकरीतली तीनशे बारा घरं रस्त्यावर. वाट एकच उरली होती. धन्याने जिवंतपणी चुलतभावाला वारस करणाऱ्या दत्तकपत्रावर शिक्का मारायचा, आणि दरबारच्या अधिकाऱ्याने ते समक्ष पाहायचं.

इसोबेने कागद पडद्याखालून आत सरकवला. आत धन्याची आई बसली होती. तिने मुलाच्या ताठरलेल्या बोटांत शिक्का अडकवला, वरून आपला हात दाबला. कागद बाहेर आला. शिक्का तिरका उठला होता.

साकाकिदा त्याकडे बघत राहिले. "हात फारच थरथरलेला दिसतोय."

"अशक्तपणा, साहेब."

"बघू, नाडी पाहतो."

इसोबे अडवायला पुढे सरकला. तोवर साकाकिदांनी पडद्याआड हात घातला. आईने सकाळपासून मुलाचा हात छातीशी धरून ठेवला होता. तरी तो गारच होता.

साकाकिदांनी तो हातात घेतला. मनगटावर बोटं टेकवली. आत आईचा श्वासही ऐकू येईना. मग त्यांनी तो हात सावकाश पांघरुणाखाली ठेवला.

"नाडी मंद आहे, पण आहे," असं म्हणून त्यांनी दत्तकपत्राखाली आपली सही केली. "पुढची बातमी दोन दिवसांनी कळवा. घाई करू नका. आईसाहेबांना सांभाळा."

इसोबे त्यांच्यामागे दारापर्यंत धावला. दारातच त्याने गुडघे टेकले. "साहेब, उद्या हे उघड झालं तर तुमचं डोकं जाईल! आमच्यासाठी का केलंत हे?"

साकाकिदा वाकून चपलेचे बंद बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"माझ्या आजोबांचे धनीही असेच गेले. तेव्हा आलेला अधिकारी फार प्रामाणिक होता."